वणवालिलीच्या दोन कुंड्या

१

गवताची शेड जळाली तो बागेच्या सुट्टीचा दिवस होता. आग विझेपर्यंत ती कुणामुळे लागली हेही सगळ्यांना कळलं होतं, कारण चौकीदाराने ते स्वतःच सांगितलं. जेवण झाल्यावर तो शेडमध्ये पार मागे, पोत्यांच्या आड आडवा झाला होता. सिगारेट ओढली होती. ती विझवली की नाही, हे त्याला काही केल्या आठवत नव्हतं. घुसमटून जाग आली तेव्हा दाराकडचं गवत पेटलेलं होतं. त्यातून बाहेर पडताना त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

"बायकोला सांगितलं होतं, सोडली म्हणून," तो दुसऱ्या दिवशी बागेच्या प्रमुखबाईंना म्हणाला. "आता तिला तोंड कसं दाखवू?"

प्रमुखबाई वर्षभरापूर्वीच आलेल्या. बोलताबोलता मनगटाकडे बघायची त्यांना सवय, म्हणून माळ्यांनी त्यांचं नाव घड्याळबाई ठेवलं होतं. बाई दुष्ट नव्हत्या. दवाखान्याची सगळी सोय त्यांनी केली. पण बागेच्या हद्दीत कुठेही, कशासाठीही आग नाही, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता. चौकीदाराची नोकरी गेली, आणि फाटकाजवळची खोली महिनाअखेर रिकामी करायला सांगण्यात आलं. त्या खोलीत तो, त्याची बायको आणि परीक्षेला बसलेली मुलगी राहत होती.

आगीची हकीकत चित्रकाकूंना त्याच संध्याकाळी त्यांच्या यजमानांकडून कळली. काकूंनी उभा जन्म बागेतल्या झाडांची चित्रं काढण्यात घालवला होता. पान, फूल, बी, मूळ, सगळं जसंच्या तसं. यजमानांना सगळे सर म्हणत. बागेच्या कंदघराचे ते प्रमुख होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज तिथे चक्कर मारल्याशिवाय त्यांना घास जात नसे.

त्या संध्याकाळी सर आले ते थेट न्हाणीघरात गेले. डोक्यावरून अंघोळ केली आणि अंगातला शर्ट स्वतः धुऊन वाळत घातला. ज्या माणसाने सबंध संसारात कधी हातरुमाल पिळला नव्हता, त्याने शर्ट धुतला.

"आज काय स्वारी वेगळ्याच वाटेनं?" काकूंनी विचारलं.

"तुझं मनगट दुखतंय ना," सर म्हणाले.

काकूंना इतकं बरं वाटलं की त्यांनी धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं. बहीण म्हणाली, "म्हातारपणी का होईना, वठणीवर आले." दोघी पोट धरून हसल्या.

आठ-दहा दिवसांनी घड्याळबाईंचाच फोन आला. "काकू, रंगांची पेटी घेऊन या. वणवालिलीला फुलं आलीत."

काकूंच्या हातातला फोन घसरता घसरता राहिला. त्या लिलीचे कंद सरांनी तरुणपणी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाहून आणले होते. पायमोज्यांत गुंडाळून, पेटीच्या तळाशी ठेवून. तेव्हापासून ते एकदाही फुलले नव्हते. सगळ्या कंदांची चित्रं झाली होती, एवढीच जागा कोरी राहिली होती.

"अहो, ऐकलंत का? वणवालिली फुलली."

सरांनी तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली केलं नाही. "हो का," ते म्हणाले.

आयुष्यभर ज्या फुलाची वाट पाहिली, त्याचा रंग कसा आहे, एवढंही त्यांनी विचारलं नाही.

२

कंदघर म्हणजे बागेच्या वरच्या अंगाला असलेली काचेची लांबट खोली. भिंतीला लागून लाकडी फळ्या, फळ्यांवर मातीच्या कुंड्या. उन्हाळ्यात तिथे कुणी नवखं माणूस आलं तर त्याला वाटावं, हे काय, नुसत्या मातीच्या कुंड्या कशाला जपून ठेवल्यात. पण ते कंद झोपलेले असतात. त्यांच्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो. तेव्हा ते पानं काढतात, पोट भरून घेतात, आणि उन्हाळा आला की पानं टाकून मातीखाली निजतात. झोपलेल्याला पाणी घालायचं नाही, की हलवायचं नाही. दया येऊन कुणी तांब्याभर पाणी घातलं तर कंद आतल्या आत कुजतो आणि वरून काही कळतही नाही. सरांनी माळ्यांच्या दोन पिढ्यांना हे शिकवलं होतं, आणि शिकवताना ते, जवळ लहान मूल झोपलं असल्यासारखं, हळू आवाजात बोलायचे.

वणवालिलीची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या डोंगरांवर झुडपांचं रान माजतं, आणि खालचा कंद अंधारात वर्षानुवर्षं पडून राहतो. मग कधीतरी वणवा लागतो. झुडपं जळून जातात, जमिनीला ऊन लागतं, राखेचं खत मिळतं, आणि धुराचा वास मातीत मुरला की हा कंद जागा होतो. पानांची वाट न बघता थेट फुलाचा दांडा वर काढतो. काळ्या राखेत लाल फुलं. पानं मागाहून.

काकू स्टुलावर बसल्या. जांभळट दांडा, त्यावर खाली माना घातलेली लालभडक फुलं. दोन कुंड्यांत दोन दांडे. त्यांचे डोळे भरून आले, आणि मग, सवयीनेच, त्यांनी बघायला सुरुवात केली. रडणं वेगळं, बघणं वेगळं. चित्रकाराला दोन्ही एका वेळी जमत नाही.

"शेडचा धूर इथवर आला असणार," घड्याळबाई मागे उभ्या होत्या. "वाईटातून चांगलं झालं म्हणायचं."

"असेल," काकू म्हणाल्या.

फळीवर वणवालिलीच्या डझनभर कुंड्या होत्या. फुललेल्या दोनांपैकी एक पार टोकाला, दुसरी मधोमध. बाकीच्या मुकाट. धूर खोलीत आला असता तर त्याने निवड का करावी?

मग त्यांचं लक्ष शेवाळाकडे गेलं. फळीवरच्या कुंड्या भिंतीकडच्या बाजूने ओल धरतात, तिथे हिरवट काळा थर बसतो. पुढची बाजू कोरडी, लाल राहते. सगळ्या कुंड्या अशाच लाल तोंडाने उभ्या होत्या. फक्त त्या दोन कुंड्यांचं शेवाळ पुढे, काकूंच्या दिशेला होतं. कुणीतरी त्या उचलल्या होत्या, आणि परत ठेवताना उलट्या ठेवल्या होत्या. घाईत ठेवल्या असणार. या खोलीत काम केलेला माणूस निवांतपणे अशी चूक करणार नाही.

काकूंनी पेटीतून भिंग काढलं आणि दांड्याच्या बुडाशी धरलं. मातीवर बारीक काळ्या काड्या पडलेल्या होत्या. जळालेलं गवत.

धूर या कुंड्यांकडे आला नव्हता. या कुंड्याच धुराकडे गेल्या होत्या.

३

दुपारी काकू पेन्सिलीचं काम आटपून बाहेर आल्या तर पायरीवर चौकीदाराची बायको बसलेली.

"काकू, तुमचं बाई ऐकतात," ती म्हणाली. "मुलीची परीक्षा होईपर्यंत तरी राहू द्या म्हणावं. ह्यांच्यासाठी नाही म्हणत मी. हे खोटं बोलले माझ्याशी."

"तो आहे का घरी?"

"कुठे जाणार? भिंतीकडे तोंड करून बसलेत. मुलगीसुद्धा बोलत नाही त्यांच्याशी."

फाटकाजवळची खोली काकूंच्या चांगल्या ओळखीची. चौकीदाराला नोकरीला लावलं ते सरांनीच. तो उठून उभा राहिला, बँडेजचा हात पाठीमागे लपवत.

"बस रे," काकू म्हणाल्या. "मला एक सांग. सिगारेट कुठे ओढलीस? दारात की आत?"

"आत. पोत्यांमागे. दारात ओढली असती तर कुणी बघितलं नसतं का?"

"आणि आग कुठली?"

"दाराकडली." तो थांबला. "उडाली असेल ठिणगी."

"पोत्यांवरून उडून दारापर्यंत गेली? पोती नाही पेटली?"

"पोती शेवटी पेटली. काकू, मी तेवढा विचार नाही केला. आग लागली आणि आत मीच होतो, मीच ओढली होती. दुसरं कोण?"

"दार लावून झोपला होतास ना?"

"कडी लावली होती. वाऱ्यानं आपटतं म्हणून." त्याच्या कपाळाला आठी पडली. "पळताना मात्र उघडं होतं."

"वारा कुठला होता त्या दिवशी?"

याचं उत्तर त्याच्या बायकोने दिलं. "इकडे येणारा. माझे वाळत घातलेले सगळे कपडे काळे झाले. दुसऱ्यांदा धुतले. तुमचं काचेचं घर वरच्या अंगाला, तिकडे वास पण नव्हता. मी धावत तिकडेच गेले होते ना नळाचा पाइप आणायला. दार बंद होतं, खिडक्या बंद."

"तिथे कुणी होतं?"

"कोण असणार सुट्टीच्या दिवशी? लोक नंतर जमले. सर पण नंतर आले."

काकूंनी मान डोलावली. बाहेर पडताना चौकीदार हळूच म्हणाला, "काकू, मला झोपेत खोकल्याचा आवाज आल्यासारखा वाटतो रोज. जागा होतो तर मीच खोकत असतो."

सर नंतर आले, असं तिने म्हटलं होतं. सरांनी घरी सांगितलं होतं की ते त्या दिवशी वाचनालयात होते.

४

काकू त्या वाक्यापाशी थांबल्या नाहीत. माणूस नको त्या दिशेला बघत नाही, तशा त्या दुसऱ्याच दिशेला वळल्या.

ती दुसरी दिशा म्हणजे कंदशेठ. कंदांचा व्यापारी, बागेच्या मागच्या रस्त्याला त्याची रोपवाटिका. घड्याळबाईंनी जाहीर केलं होतं की वर्षानुवर्षं न फुललेल्या कुंड्या जागा अडवून बसतात, महिनाअखेर त्या कंदशेठला देऊन टाकायच्या. त्याच्याकडून नवी रोपं घ्यायची.

कंदशेठ पिशव्यांत माती भरत होता. "काकू, संशय घ्यायला आलात ना? घ्या. चहा सांगू?"

"वणवालिली धुरानं फुलते हे तुला ठाऊक होतं?"

"मला कशाला, या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"मग तू दिला असशील धूर."

"आणि फुलवून दाखवली असती? न फुलणारी कुंडी बाई मला फुकट देणार होत्या. फुललेली त्या छातीशी धरून ठेवतील. माझा फायदा ती झोपलेली राहण्यात होता. माझ्याकडे आणली असती, मग दिला असता धूर सावकाश." तो हसला. "ज्यानं फुलवली त्यानं माझ्याच पोटावर पाय दिला, बघा."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं.

घड्याळबाईंच्या खोलीत काकूंनी फार वेळ घेतला नाही. आगीच्या दिवशी बाई गावात नव्हत्या, मुलीकडे गेल्या होत्या.

"कंदघराच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

"एक माझ्याकडे. एक चौकीदाराच्या जुडग्यात." त्या घुटमळल्या. "आणि एक सरांकडे राहिलीय जुनी. मी दोनदा मागितली, मग म्हटलं जाऊ दे. त्यांचा जीव आहे त्यात."

"कुंड्या देऊन टाकणार हे त्यांना कळल्यावर काही म्हणाले?"

"आले होते ना. म्हणाले, एकदा धूर देऊन बघू द्या, डब्यात ओलं गवत पेटवतो, मी समोर उभा राहतो. मी सांगितलं, सर, आगीचा विषय बंद. आणि बघा, मी म्हणत होते तेच झालं." त्यांनी मनगटाकडे पाहिलं. "का विचारताय?"

"सहज," काकू म्हणाल्या.

तो मंगळवार होता. काकू कंदघरात परत आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. चौकीदाराकडे किल्ली होती, पण त्याला दोन कुंड्यांतला फरक कळत नव्हता, आणि कडी लावून झोपणारा माणूस दाराशी आग पेटवत नाही. कंदशेठला फुलं नको होती. घड्याळबाईंना धूरच नको होता, शिवाय त्या गावात नव्हत्या. उरला तो माणूस, ज्याला हे फूल हवं होतं, ज्याला ते कसं फुलवायचं हे ठाऊक होतं, ज्याच्याकडे किल्ली होती, आणि गुडघेदुखीमुळे ज्याला एकच खेप झेपत होती, म्हणजे दोनच कुंड्या. एका हातात एक.

आणि ज्याने धुराचा वास मारणारा शर्ट बायकोच्या हाती पडू नये म्हणून स्वतः धुतला होता.

काकूंना आधी आठवलं ते बहिणीबरोबरचं हसणं. त्यांचे कान गरम झाले.

५

आता उठायला हवं होतं. कार्यालय शंभर पावलांवर होतं.

काकूंनी फुलाकडे पाहिलं. खालचं फूल कडेला किंचित सुरकुतायला लागलं होतं. हे फार टिकत नाही. तीन-चार दिवसांत माना टाकतील, आणि मग पुन्हा कधी? त्यांचं वय काय, हाताचं काय. पेन्सिलीचं काम झालं होतं, रंग बाकी होते. लाल रंग थरावर थर देऊन आणावा लागतो, प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो.

आजच सांगितलं तर इथे गोंधळ उडेल, कुंड्या कुणी हलवेल, पोलीस येतील. महिनाअखेरीला अजून अवकाश आहे. खोली आजच कुणी रिकामी करत नाहीये. चार दिवसांनी सांगितलं तरी काय बिघडतं.

असं त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि त्यांनी कुंचला ओला केला.

बुधवारी सकाळी घड्याळबाईंनी सगळ्यांना कंदघरासमोरच्या अंगणात बोलावलं होतं. चौकीदाराला चार शब्द बोलायचे होते. तशी त्याचीच इच्छा होती. काचेतून काकूंना सगळं दिसत होतं. माळी ओळीत उभे होते. कंदघराच्या छोट्या खिडकीतून आवाज आत येत होता.

"माझ्यामुळे बागेचं नुकसान झालं," चौकीदार म्हणत होता. "मी झोपलो होतो. मी ओढली होती. तुमच्यातल्या कुणाच्या जिवावर बेतलं असतं. मला माफ करा." त्याने हात जोडायचा प्रयत्न केला. बँडेजचा हात पुरता मिटेना, तेव्हा डावा हात त्याने त्यावर ठेवला. त्याची बायको मागे, पदराने तोंड झाकून. मुलगी आली नव्हती.

काकूंच्या कुंचल्यात तेव्हा गडद लाल होता. पाकळीच्या आतल्या सावलीचा ओला थर त्यांनी नुकताच टाकला होता, आणि तो त्याच क्षणी ओढून घेतला नाही तर डाग पडतो.

त्यांनी तो ओढून घेतला. सबंध, कडेपर्यंत, हात न कापता.

मग मान वर केली तोवर अंगण रिकामं झालं होतं.

६

शुक्रवारी दुपारी चित्र पुरं झालं. काकू घरी आल्या. सर जेवणाच्या टेबलाशी शेंगा सोलत बसले होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"कुंड्या उलट्या ठेवल्यात तुम्ही," काकू म्हणाल्या. "शेवाळ पुढे आलं."

सरांचे हात थांबले. शेंगेतला एक दाणा घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेला, तो त्यांनी अडवला नाही.

"तुला कळणार हे मला ठाऊक होतं," ते शेवटी म्हणाले.

"मग सांगायचं होतंत."

"कसं सांगू? डब्यात पेटवलं होतं गं. ओलं गवत, वर गोणपाट. वीस मिनिटांचं काम. शेडमध्ये केलं म्हणजे धूर कुणाला दिसणार नाही असं वाटलं. फटीतून बोट घालून कडी काढली, ती दार आपटून आपोआपही पडते, म्हणून वाटलं आत कुणी नाही. डबा कलंडला. पायाशी कोरडं गवत होतं."

"आणि तुम्ही कुंड्या वाचवल्यात."

"वाचवल्या नाहीत." सरांचा आवाज इतका खाली गेला की काकूंना वाकावं लागलं. "त्यांना कशाला वाचवायचं? अख्खा डोंगर जळाला तरी त्या मातीखाली सुखरूप असतात. सगळ्या बागेत आगीला न भिणारी वस्तू तेवढीच. मी त्या लपवल्या. शेडमध्ये सापडल्या असत्या तर माझंच नाव आलं असतं. उचलल्या, वर नेल्या, फळीवर ठेवल्या, कुलूप लावलं. मग खाली आलो, तोवर लोक जमले होते. लोकांत मिसळलो."

"आत माणूस आहे हे कधी कळलं?"

सर शेंगांची टरफलं गोळा करू लागले.

"अहो, कधी कळलं?"

"कुंड्या उचलताना," ते म्हणाले. "आतून कुणीतरी खोकलं."

काकूंनी हातातली पेटी टेबलावर ठेवली.

"वाटलं, येईल तो बाहेर. जाग आलीय म्हणजे येईल. आणि आलाच की गं तो." सरांनी चष्मा काढला. "मग तो म्हणायला लागला, माझ्या सिगारेटनं. मी म्हणालोच नाही तसं. तोच म्हणाला."

"आणि तुम्ही त्याला म्हणू दिलंत."

"हो."

चाळीस वर्षांत काकूंनी या माणसाला फटकन बोलून घेतलं होतं, टोमणे मारले होते, अबोला धरला होता. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकही शब्द फुटेना, कारण जो शब्द ओठावर यायचा, तो आधी त्यांनाच लागायचा. अंगणातले ते जोडलेले हात त्यांनीही काचेतून पाहिले होते.

"उठा," त्या म्हणाल्या. "सदरा बदलू नका. असेच चला."

७

फाटकाजवळच्या खोलीत भांडी पोत्यात भरणं चाललं होतं. सरांना दारात बघून चौकीदार घाईघाईने उठला. "सर, तुम्ही कशाला आलात? निरोप धाडायचा."

सरांनी उभ्याउभ्याच सांगितलं. सगळं, खोकल्यासकट. मध्ये कुठेही 'पण' म्हणाले नाहीत, एवढं काकूंनी मनात त्यांच्या पदरात घातलं.

चौकीदार ऐकत राहिला. रागावेल, निदान ओरडेल, असं काकूंना वाटलं होतं. पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली होती.

"म्हणजे माझी विझली होती?"

"विझली होती," सर म्हणाले.

"मी विझवली होती?"

"हो."

तो भिंतीला टेकला. मग आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "पोरी, ऐकलंस का? माझ्यानं नाही लागली. मी विझवली होती." आतून पुस्तक मिटल्याचा आवाज आला आणि मुलगी दारात येऊन उभी राहिली. तो तिलाच परत परत सांगत राहिला. सर तिथे आहेत, हे तो जणू विसरूनच गेला होता.

त्याची बायको मात्र विसरली नव्हती. तिने हातातला डबा खाली ठेवला. "काकू, हे तुम्ही शोधून काढलंत?"

"हो."

"कधी?"

आज दुपारी, असं म्हणता आलं असतं. सर तर काही बोलणार नव्हते.

"मंगळवारी," काकू म्हणाल्या.

"ह्यांनी हात जोडले बुधवारी."

"हो. ऐकलं मी."

"मग?"

"रंग ओला होता," काकू म्हणाल्या. त्यांना स्वतःचेच शब्द दुसऱ्या कुणी बोलल्यासारखे ऐकू आले. सरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चौकीदाराच्या बायकोने पोत्याची दोरी सोडली आणि एकेक भांडं बाहेर काढून फळीवर लावायला घेतलं. बसा, असं कुणी म्हटलं नाही. दोघं म्हातारी दारातच उभी होती.

"उद्या अंगणात सांगा," ती पाठ न वळवता म्हणाली. "सगळ्यांसमोर. ह्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. दोघांनी सांगा."

दुसऱ्या दिवशी दोघांनी सांगितलं. आधी सरांनी, मग काकूंनी. काकूंनी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ते सगळं उडून गेलं. "मला मंगळवारी कळलं होतं. शुक्रवारपर्यंत मी चित्र काढत होते," एवढंच त्या म्हणाल्या. माळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातल्या पुष्कळांना सरांनी हाताला धरून शिकवलं होतं, कुठे बघावं हे त्यांना कळत नव्हतं. घड्याळबाईंनी एकदाही मनगटाकडे पाहिलं नाही. पुढचं पोलीस ठरवतील, त्या म्हणाल्या, सर आजच माझ्याबरोबर येतील. सरांनी मान हलवली आणि खिशातली जुनी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. चौकीदाराचं जुडगं त्याला परत मिळालं. त्याने ते डाव्या हाताने घेतलं.

लोक पांगले तेव्हा काकू पेटी आणि कागदांचं पाकीट छातीशी धरून पायरीजवळ उभ्या होत्या. आत फुलांनी माना टाकल्या होत्या. चौकीदार जवळ आला.

"बघू तरी काकू," तो म्हणाला. "फूल कसं असतं ते मी बघितलंच नाही. नोकरी गेल्यापासून मला आत सोडत नव्हते."

काकूंनी पाकीट उघडून चित्र पुढे धरलं. त्याने ते हातात घेतलं नाही, हात स्वच्छ नाहीत म्हणाला. वाकून पाहत राहिला. दांडा, खाली वळलेली लाल फुलं, पाकळीच्या आतली ती गडद सावली. त्याच्या चेहऱ्यावर कसलाही आडपडदा नव्हता.

"फार छान आलंय," तो म्हणाला. "डाग नाही कुठे."

काकूंना मान वर करता आली नाही.